काट्याचा कौल

धाकट्या जावेने वेगळी चूल मांडली, त्याच वर्षी आमच्या खारवणीच्या शेडच्या फाटकाशी काटेबाबा येऊन बसला. चूल कशावरून वेगळी झाली ते सांगण्यासारखे नाही. दोन बायका आणि एक नळ, एवढ्यावरून समजून घ्यावे. घरे दोन झाली तरी कामाचे टेबल एकच राहिले. मी माशाचे पोट फाडून साफ करायचे, धाकटी त्यात मीठ भरून तो मिठवणीच्या हौदात सोडायची. बोलणे बंद असायचे तेव्हासुद्धा माशाची देवाणघेवाण चालूच असायची.

पाळी सुटली की आम्ही सगळ्या एप्रनला हात पुसत फाटकाकडे यायचो. त्या दिवशी फाटकात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरचा शिंपी, सायकलवाला, गोणी उचलणारे हमाल, आमची मुकादमीण, सगळे एका टेबलाभोवती माना उंचावून उभे. टेबलामागे बाबा. अंगात डॉक्टरासारखा पांढरा कोट, पाय मात्र अनवाणी. दोन्ही डगरींवर हात ठेवलेला माणूस. त्याच्यापुढे लाकडी खोका, खोक्याला काचेमागे घड्याळासारखा एकच काटा, आणि खोक्याच्या दोन बाजूंना दोन पत्रे. एक लालसर, एक करडा.

"सेल दिसतोय कुणाला?" त्याने खोक्याचे झाकण उघडून सगळ्यांना दाखवले. "तुम्ही सांगा हमालदादा, तुमचे डोळे चांगले आहेत. सेल आहे?"

"नाही बुवा."

"भिंतीत गेलेली वायर?"

"भिंतच कुठाय इथे?" हमाल म्हणाला आणि लोक हसले.

"वा! भिंतसुद्धा नाही! मग आता मी डावा हात सूर्याच्या पत्र्यावर ठेवतो, उजवा चंद्राच्या. बघा."

त्याचे घामेजलेले तळवे टेकले तसा काटा उठला. काचेमागे अलगद सरकला आणि थरथरत उभा राहिला. बाबाने हात उचलले, काटा परत निजला.

"कशाने हलला? सेल नाही, वीज नाही. प्राणाने! डॉक्टर तुमचं रक्त बघतो, लघवी बघतो. प्राण बघतो का? नाही बघत. कारण प्राण मोजता आला तर त्याची औषधं घेणार कोण?"

शिंपी पुढे झाला. त्याने पत्र्यांवर हात ठेवले, काटा जरासा कुरकुरला आणि तिथेच थांबला.

"दिवसभर बसून काम, काय?" बाबाने विचारले.

"हो ना."

"मग बरोबर. प्राण बुडाखाली दबलाय!"

शिंपी ओशाळून मागे सरला. मग धाकटी पुढे झाली. तिला पुढे व्हायला कधी सांगावे लागायचे नाही. तिने हात टेकवले मात्र, काटा सर्रकन अर्ध्याच्या पुढे गेला. बाबा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"बघा! याला म्हणतात कष्टाचा प्राण!"

तिच्यामागून मी, माझ्यामागून बाकीच्या. शेडमधल्या प्रत्येकीचा काटा अर्ध्याच्या आसपास. शिंप्याचा नाही, सायकलवाल्याचा नाही, फाटकावर बसणाऱ्या कारकुनाचा तर हललाही नाही. बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसत नसे. वास येतो म्हणून खिडकीकडे तोंड फिरवत. त्या फाटकात आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दहा जणांसमोर सांगितले की तुमच्यात इतरांहून जास्त काहीतरी आहे. असे सांगणाऱ्याला कोण खोटा म्हणेल?

बाबा रोज येऊ लागला. सकाळी मांडामांड करताना तो करडा पत्रा पॉलिश पेपरने घासून लखलखीत करायचा. संध्याकाळी त्याच पत्र्यावर पांढरट भुकटी जमलेली असायची. ती तो काळ्या कागदावर खरवडून दाखवायचा. "ही काय माहीत आहे? तुमच्या रोगाची राख. चंद्र शोषून घेतो." बायका त्या राखेकडे बघून अंग चोरायच्या. मग तो खोक्याखालून कमरेला बांधायचा पट्टा विकायला काढायचा, तोही अर्धा लाल अर्धा करडा. पट्टा बांधला की राख आपोआप निघत राहणार म्हणे.

इथपर्यंत सगळी करमणूकच होती. पुढचे तसे नव्हते.

धाकटीला साखरेचा आजार होता. जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागायची. त्या दिवसांत तिची साखर फार वाढली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतले, सुईचे माप नवे ठरवून दिले आणि आठवडाभर घरी आराम सांगितला. आठवडा संपत आला तेव्हा ती न्हाऊन, हातांना तेल लावून, स्वच्छ कपडे घालून फाटकाशी आली. पत्र्यावर हात ठेवले. काटा हललाच नाही.

बाबाने डोळे मिटले. "काय घेतलंत, माई?"

"काही नाही. दवाखान्यात होते."

"सुई?"

"सुई तर रोजचीच."

"अरेरे!" तो इतका कळवळून म्हणाला की मागच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. "भांड्याला भोकं पाडत गेलात तर पाणी राहील का? एकेका सुईच्या भोकातून प्राण गळतोय तुमचा."

धाकटी घाबरली. दोन दिवस तिने सुई घेतली नाही आणि तिसऱ्या दिवशी कामावर आली. पाळी सुटल्यावर आम्ही दोघी फाटकाशी गेलो. काटा परत पूर्वीसारखा अर्ध्याच्या पुढे. तेव्हापासून तिने सुई सोडलीच.

आता आम्ही आंधळ्या होतो म्हणून फसलो असे कुणी म्हणू नये. आम्ही नीट बघत होतो. दवाखान्यात जाऊन आलेल्या प्रत्येकीचा काटा पडत होता. औषध बंद करून कामावर परतलेलीचा काटा चढत होता. एकदा नाही, दर वेळी. खोकल्याच्या औषधाने पडला, तापाच्या गोळीने पडला, बाळंतपणाच्या रजेने तर पारच पडला. डोळ्यांना दिसत होते ते खरेच होते. एकच गोष्ट कुणी बघत नव्हते, ती पुढे येईल.

मुकादमिणीने मात्र आपल्या कामाचे तेवढे बरोबर बघितले. कुणी रजा मागितली की म्हणायची, "आधी काटा दाखव." काटा वर असला तर, "एवढा प्राण आहे की! रजा कशाला?" आणि काटा खाली असला तर, "घरी बसून आणखी पाडणारेस का? चल, टेबलाला लाग." शेडच्या मालकाने बाबाला बसायला फाटकातली सावली दिली आणि खुर्चीवर गादीही दिली.

मी धाकटीला एक-दोनदा बोलले. माशाचे पोट फाडता फाडता बोलले, कारण एरवी ती माझ्या दारात येत नव्हती.

"अगं, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारून तरी बंद कर."

"त्या काय म्हणणार? घे म्हणणार. त्यांचं दुकान आहे ते."

"आणि याचं?"

"ताई, तुमच्या डोळ्यांदेखत काटा चढला की नाही?"

"चढला."

"मग झालं तर. मला वेगळं स्वयंपाकघर सांभाळता येतं, तसं माझं शरीरही सांभाळता येतं."

मी गप्प बसले. जाऊ ती, मुलगी नव्हे. जास्त बोलले तर म्हणणार, थोरलेपणा गाजवते.

महिनाभरात तिचे गाल बसले. पाण्याची बाटली सतत तोंडाला. टेबलावरून उठून दर थोड्या वेळाने मोरीकडे. आणि एक दिवस माशाच्या कल्ल्याच्या धारेने तिच्या उजव्या हाताचे बोट कापले. शेडमध्ये रोज कुणाचे तरी कापते. फडके गुंडाळायचे, पुढचा मासा घ्यायचा. पण धाकटीच्या बोटाची जखम भरेना. तळव्याकडे लाली सरकली, मग कातडी सोलवटून ओली राहू लागली. त्यावर दिवसभर मीठ. ती ओठ दाबून काम करायची. मी म्हटले, "दाखव." तिने हात एप्रनखाली घेतला.

त्या संध्याकाळी फाटकाशी तिने फडके सोडले आणि तो ओला, सोललेला तळवा करड्या पत्र्यावर ठेवला. काटा अर्ध्यावर थांबला नाही. सरळ वर चढला, शेवटच्या खुणेपर्यंत.

बाबाने टाळी वाजवली. "आजवर या यंत्रावर असा प्राण उठला नव्हता! या माईंकडे बघा सगळ्यांनी. सुई सोडली, औषध सोडलं, आणि बघा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटी हसली. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळे खोल गेले होते, उभी राहताना ती टेबलाची कड धरून उभी होती. माझे दीर बर्फाच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. तेही टाळ्या वाजवत होते. मला म्हणाले, "वहिनी, बघितलंत? आता तरी पटलं?"

मला भीती वाटली. काटा म्हणतो, ही कधी नव्हे इतकी धडधाकट. माझे डोळे म्हणतात, ही चालली. दोघांतले एक कुणीतरी खोटे बोलत होते, आणि माझे डोळे चाळीस वर्षे ताजा मासा आणि शिळा मासा ओळखत आले होते.

मी तशीच शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. मोठ्या माणसांचा वाचनाचा वर्गही त्याच घेत. माझे केस पिकल्यावर मला अक्षर लागले ते त्यांच्यामुळे. बाई प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी मध्येच एक प्रश्न विचारला.

"मावशी, काटा दाखवायला जाताना तुम्ही हात धुऊन जाता का?"

"कशाला? घरी जाऊन धुणारच असतो. शेडमधला नळ ठिबकतो, त्याच्यापुढे रांग लावत कोण बसेल?"

"आणि दवाखान्यातून आलेली बाई?"

मला धाकटी आठवली. न्हाऊन आलेली. तेल लावलेली. आठवडाभर मिठाला न शिवलेली.

बाईंनी कपाटातून एक काट्याचे यंत्र काढले. बाबाच्या खोक्यात होते तसलेच, फक्त उघडे. मुलांना विजेचा बारीक प्रवाह दाखवायला वापरतात म्हणाल्या. त्याला एका बाजूने तांब्याची पट्टी जोडली, दुसऱ्या बाजूने जस्ताची. मला साबणाने हात धुऊन, पुसून, कोरडे करून पट्ट्यांवर ठेवायला सांगितले. काटा जेमतेम हलला. मग त्यांनी पाण्यात मूठभर मीठ विरघळवले. मी हात बुडवले, निथळले, परत ठेवले. काटा सर्रकन वर.

"तुमचा प्राण गेला आणि आला," बाई म्हणाल्या. "बरं वाटतंय का?"

मला हसू आले नाही. बाईंनी जस्ताची पट्टी काढून तिथेही तांब्याचीच लावली. दोन्हीकडे तांबे. मी तेच खारट हात ठेवले. काटा मेल्यासारखा पडून राहिला.

"आता कुठे गेला?" त्यांनी विचारले. "हात तेच, मीठ तेच, तुम्ही त्याच. बदललं काय?"

"पत्रा."

"मग वीज कुणाची? तुमची की पत्र्याची?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला बाई फाटकाशी आल्या. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते आणि दुसऱ्या हातात बादली. मी धाकटीला आणि दिरांना धरून पुढे उभे केले होते. बाई रांगेत उभ्या राहिल्या, त्यांची पाळी आली तेव्हा नम्रपणे म्हणाल्या, "माझ्या पेशंटला बसवायचं आहे."

"लहान बाळ आहे का?" बाबा टॉवेलाकडे बघून म्हणाला. "ठेवा, ठेवा. यंत्र लहान-मोठा भेद करत नाही. प्राण तो प्राण."

"भेद करत नाही ना? सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" हमाल म्हणाला.

बाईंनी टॉवेल सोडला. आत कालचा खारवलेला, हातभर लांब मासा. त्यांनी त्याचे डोके लाल पत्र्यावर आणि शेपूट करड्या पत्र्यावर टेकवले. काटा उसळला आणि काचेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन टक्कन आपटला.

मग शिंपी म्हणाला, "मायला, माझ्यापेक्षा हा मासा तगडा निघाला!"

हशा पिकला. बाबाने हात वर केले. "हसू नका! हा समुद्राचा प्राण आहे! समुद्रातला जीव मेल्यावरही प्राण तीन दिवस—"

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी मासा उचलला, बादलीतून एक फडके काढले. आमच्याच टेबलावरचे, मिठवणीत भिजलेले. ते पिळून त्यांनी दोन्ही पत्र्यांवर आडवे टाकले. काटा वर. "आणि हे फडकं? हे कधी जन्माला आलं?"

आता हमाल पोट धरून हसत होते. बाबा फडके ओढायला गेला. मुकादमिणीनेच त्याचा हात धरला. का कुणास ठाऊक, तिलाही बघायचे होते.

मग बाईंनी मला पुढे बोलावून शाळेतला प्रयोग परत केला. पुसलेले पत्रे, साबण, कोरडे हात, काटा खाली. मिठवणी, काटा वर. एकेक करून दोघी-तिघींनी तेच करून बघितले. शिंप्याने बादलीत हात बुडवून ठेवले तेव्हा त्याचा काटा अर्ध्यावर गेला. तो ओरडला, "अरे, बुडाखालचा निघाला वर!"

"सेल नाही असं हे म्हणतात," बाईंनी बाबाकडे बोट केले. "सेल आहे. उघड्यावर टेबलावर मांडलेला आहे. हा लाल पत्रा तांब्याचा, हा करडा जस्ताचा. बॅटरीतला जुना सेल कुणी फोडून बघितलाय?"

"मी," सायकलवाला म्हणाला. "मधे कोळशाची कांडी असते. बाहेर डबडं."

"ते डबडं जस्ताचं. आणि आत ओलसर खारट लगदा. म्हणजे दोन वेगवेगळे पदार्थ आणि मधे खारट ओल. तिथे लगदा, इथे तुम्ही. जस्ताला आपले इलेक्ट्रॉन टाकून द्यायची घाई असते. विजेचे अगदी बारीक कण ते. तांब्याला तेवढी घाई नसते. तारेने दोघांना जोडलं की इलेक्ट्रॉन जस्ताकडून निघतात, तारेतून, या काट्याच्या यंत्रातून, तांब्याकडे जातात. जाताना काटा हलवतात. पण वाट एकाच बाजूने उघडी असून चालत नाही. दुसरी बाजू ओल्या मिठाने जोडली जाते. मिठाच्या पाण्यात विजेने भारलेले कण असतात, ते आतून सरकतात आणि फेरा पुरा होतो. तो पूल मग माशाचा असो, फडक्याचा असो की माणसाचा. पूल कोरडा, तर काटा पडला. पूल खारट, तर काटा चढला."

"मग राख?" मागून एका बाईने विचारले. तिच्या कमरेला पट्टा होता. "रोगाची राख कुठून येते?"

बाईंनी पिशवीतून एक पट्टी काढली. तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा थर होता. "ही जस्ताची पट्टी मी काल तांब्याला जोडून मिठाच्या पाण्यात ठेवली होती. रिकाम्या वर्गात. कुणाचा रोग चिकटला हिला? बाकाचा? इलेक्ट्रॉन देता देता जस्त स्वतः झिजतं, पाण्यात उतरतं, त्याची ही भुकटी. म्हणून रोज सकाळी पॉलिश पेपर. नाही घासला तर काटा मंदावतो, आणि जस्त पुरं झिजलं की बाबांचा प्राण संपतो."

बाबा एव्हाना खोका आवरत होता. "श्रद्धा नसेल तिथे मी बसत नाही," तो म्हणाला. कुणी अडवले नाही. बाबा निघाला तेव्हा एकाही बाईने रस्ता सोडला नाही, पण हातही उगारला नाही. तो अंग आकसून आमच्यामधून गेला.

धाकटी जागची हलली नव्हती. तिने हसणाऱ्या लोकांकडे बघितले नव्हते, बाबाकडेही नाही. ती बाईंकडे बघत होती.

"माझा काटा तर सगळ्यांहून वर गेला होता," ती म्हणाली. "मीठ तर सगळ्यांच्याच हाताला असतं. मग माझा का?"

बाईंनी तिला हात दाखवायला सांगितले. तिने या वेळी एप्रनखाली घेतला नाही. फडके सुटले तसा वास आला. आम्हा मासेवाल्यांना कळणारा वास. लाल रेघ मनगटाच्या वर गेली होती.

बाईंनी फडके परत सैलसर गुंडाळले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, धड कातडी म्हणजे भिंत असते. वीज तिच्यातून कशीबशी जाते. तुमची भिंतच पडलीय. आत सगळं ओलं आणि खारट. म्हणून काटा इतका चढला."

"म्हणजे..."

"म्हणजे हात जितका बिघडला, तितका काटा चढला."

दीर तिच्याकडे आले. काल ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या ते त्यांनी कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, मला उभं राहवत नाहीये," म्हणाली, आणि बसली ती जमिनीवरच.

हमालांच्या हातगाडीवरून आम्ही तिला दवाखान्यात नेले. वाटेत तिने पाणी मागितले, मग मागायचीही थांबली. डॉक्टरीणबाईंनी साखर बघितली, हात बघितला, आणि दिरांना विचारले, "सुई कधीपासून बंद आहे?" दिरांनी माझ्याकडे बघितले. मी सांगितले. डॉक्टरीणबाई आम्हाला एक शब्द लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

काटेबाबा पुन्हा आमच्या फाटकाशी आला नाही. पलीकडच्या गावातल्या धुण्याच्या कारखान्याबाहेर सोड्याच्या पाण्यात दिवसभर हात घालणाऱ्या बायका असतात. तिथे तो बसतो असे ऐकले. मी आणि बाई जाऊन तिथेही मासा ठेवून आलो. तिथल्या काही जणी हसल्या. काही जणींनी आम्हाला शिव्या दिल्या. आमच्या शेडमधल्या दोघी अजून पट्टा बांधतात. म्हणतात, काटा खोटा असेल, पट्ट्याने मात्र गुण येतो.

वाचणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. त्या माणसाचे यंत्र बिघडलेले नव्हते. काटा खरोखरच हलत होता, राख खरोखरच पडत होती. खोटा होता तो त्याने लावलेला अर्थ. म्हणून कुणी नवल दाखवले तर "हे घडते का" एवढेच विचारून थांबू नका. घडतच असते. विचारा, हे आणखी कशाने घडते? काय बदलले की थांबते? हात धुऊन बघा. पत्रा बदलून बघा. आणि ज्याला तुम्ही हे करून बघितलेले चालत नाही, त्याच्या टेबलासमोरून उठा. चालू असलेले औषध बंद करायचे की नाही, हे ते औषध देणाऱ्यालाच विचारा. त्याचा राग आला असला तरी विचारा. शंका काढायला लाज वाटते, आपल्या माणसाला टोकायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तो संकोच फार महाग पडतो.

डॉक्टरांनी धाकटीचा उजवा हात मनगटापासून काढला, पण विष तोवर रक्तात गेले होते. दवाखान्यात नेल्याच्या सहाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी पाळीचा भोंगा व्हायच्या सुमारास, माझी धाकटी जाऊ वारली.